एलियाहू हनाबी (बेने इस्राएल परंपरा)

एलियाहू हनाबी म्हणजे हिब्रू धर्मग्रंथातील संदेष्टा एलिया. कोकणातील मराठीभाषक ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्राएलांच्या, घरोघरी हे नाव आजही नवसाच्या वेळी घेतले जाते. देवाने दिलेले वचन अजून पुरे व्हायचे आहे आणि ते होईल, हा भरवसा या समाजात मुख्यतः या एका नावाभोवती टिकून राहिला.

एलिया इ. स. पू. नवव्या शतकातला, इस्राएलचा राजा अहाब याच्या काळातला. ‘राजे’ या ग्रंथातील कथेप्रमाणे तो मेला नाही. अग्निरथ आला आणि वावटळीतून तो स्वर्गात गेला. पुढे मलाखी संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या अखेरीस देव सांगतो, की परमेश्वराचा मोठा दिवस येण्यापूर्वी मी एलियाला पाठवीन. मशीहाच्या, म्हणजे देवाने वचन दिलेल्या उद्धारकर्त्याच्या, आधी एलिया येणार, ही ज्यू धर्मातील श्रद्धा या वचनातून आली. ज्याला मरण आले नाही तो कधीही दारात उभा राहू शकतो. म्हणून पेसाहच्या, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री त्याच्यासाठी द्राक्षरसाचा पेला भरून ठेवतात, सुंतेच्या विधीत त्याची खुर्ची मांडतात आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, संपताना त्याचे गीत गातात. बाराव्या शतकात ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिडीझने श्रद्धेची तेरा तत्त्वे मांडली, त्यांतले बारावे मशीहाच्या येण्याचे आहे: त्याला उशीर झाला तरी वाट पाहत राहायचे.

हे सारे जगभरच्या ज्यूंमध्ये आढळते. कोकणात मात्र एलिया स्वतः येऊन गेला, असे बेने इस्राएल मानतात. त्यांच्या आख्यायिकेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात जोडपी तेवढी वाचली. निपचित पडलेल्या त्या माणसांना एलियाहू हनाबीने शुद्धीवर आणले. पुढे तो अलिबाग तालुक्यातील खंडाळा गावी पुन्हा प्रकटला आणि तिथूनच रथातून वर गेला. तिथल्या कातळावरच्या खुणा त्या रथाच्या मानतात. त्याच्या जाण्याचा दिवस म्हणून ज्यू पंचांगातील शेवात महिन्याच्या पौर्णिमेला ‘एलियाहू हनाबीचा उरूस’ करण्याची रीत होती. इतर ज्यू याच दिवशी वृक्षांचे नववर्ष पाळतात. ‘उरूस’ हा शब्द शेजारच्या मुसलमानांकडून आला. देवळाला देऊळ म्हणणाऱ्या गावात आपल्या सिनेगॉगला, म्हणजे प्रार्थनागृहाला, ‘मशीद’ म्हणणारा हा समाज होता, त्यामुळे त्यात नवल नाही.

गलबताबरोबर धर्मग्रंथ बुडाले, असे परंपरा सांगते. उरली ती देव एकच आहे असे सांगणारी ‘शेमा’ ही प्रार्थना, सुंता, खाण्याचे काही नियम आणि शब्बाथ. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मशीहाविषयीची ग्रंथोक्त चर्चा शतकानुशतके त्यांच्या हाती नव्हती. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले ते 1796 मध्ये. एवढ्या काळात नुसत्या दूरच्या वचनावर श्रद्धा तगली असती असे वाटत नाही. ती तगली मलिद्यामुळे.

मलिदा हा एलियाहू हनाबीच्या नावाने केलेला आभाराचा विधी. आजार बरा झाला, मूल झाले, प्रवासातून माणूस सुखरूप परतला, लग्न ठरले, नवे घर झाले, की बोललेला नवस मलिद्याने फेडतात. पोहे भिजवून त्यात गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वेलची आणि सुकामेवा घालतात. ताटात भोवतीने फळे आणि सुवासिक फुले मांडतात. ताटाभोवती बसून ‘एलियाहू हनाबी’ गातात. झाडाचे फळ, जमिनीचे पीक आणि सुगंध यांसाठी वेगवेगळे आशीर्वचन म्हणतात, मग सगळ्यांना प्रसाद वाटतात. मोठे वचन डोळ्यांसमोर पुरे झालेले कोणीच पाहिलेले नसते. पण पोराचा ताप उतरलेला घरच्यांनी पाहिलेला असतो. दोन्हींसाठी नाव एकच घेतले जाते.

1948 नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएलला गेले. भारतात त्यांचा छळ झाला म्हणून नव्हे. चांगल्या जीवनाची आशा होती आणि वचनाच्या भूमीची ओढही खरी होती. पोहोचल्यावर काहींच्या वाट्याला वेगळेच आले. 1960च्या दशकाच्या आरंभी तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी मागितली. जेरुसलेमकडे तोंड करून प्रार्थना केलेल्या माणसांना ‘तुम्ही पुरते ज्यू आहात का’ असे विचारले गेले. त्यांनी धरणे धरले, आणि 1964 मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, ते सर्व बाबतींत ज्यू असल्याचे जाहीर केले.

मलिदा त्यांच्याबरोबर तिथेही गेला. हैफाला कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी एलियाची गुहा आहे. तिथे बेने इस्राएल कुटुंबे नवस फेडायला जातात. ताटात तेच गोड पोहे असतात.