सापडलेला निवाडा आणि रचलेला निवाडा

हळदीच्या उधारीतली चेक बाउन्सची केस, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम 138. आम्ही आरोपी व्यापाऱ्यातर्फे. सांगलीच्या कोर्टात युक्तिवादाला दोन दिवस उरले होते, तेव्हा ज्युनिअरने मोबाइल पुढे केला. "सर, सायटेशन मिळालं, आधाराला जुना निवाडा. बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार, 2019. कोरा चेक सही करून दिला असेल तर 139 चं गृहीतक लागत नाही."

कलम 139 चं गृहीतक म्हणजे चेक देणं फेडायलाच दिला, असं कोर्टाने धरून चालायचं. नाव खरं, साल खरं, निकाल नेमका उलटा. देण्यापोटी स्वखुशीने सही करून दिलेल्या कोऱ्या चेकलाही गृहीतक लागतं आणि ते खोडायचं आरोपीने, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलंय.

"कुठं बघितलंस?"

"चॅटजीपीटीवर सर्च केलं, सर."

हा 'सर्च' शब्दच घोळ घालतो. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये मोफत खुल्या केलेल्या ई-एससीआर या निवाड्यांच्या ऑनलाइन संग्रहातही चौकटीत टाइप करायचं, इथंही तेच. पण ई-एससीआर म्हणजे कपाट. आत असलेलाच निकाल बाहेर येतो, नसेल तर हात रिकामे. चॅटबॉट कुठल्या शब्दापुढे कुठला शब्द शोभेल, याच्या अंदाजाने वाक्य जुळवत जातो. निवाड्याचा थाट त्याला पाठ असतो, आणि आपण आरोपीच्या बाजूने विचारलं की उत्तरही तिकडे कलतं. हल्ली काही चॅटबॉट नेटवर शोधून लिंक देतात, पण लिंकच्या वरचा सारांश त्यांचाच.

न्यूयॉर्कच्या माता विरुद्ध एव्हियांका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले सहा बनावट निवाडे दिले. खरे आहेत का, हे त्यांच्यातल्या एकाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं. तो 'हो' म्हणाला! 2023 मध्ये 5,000 डॉलर दंड झाला. मला मात्र त्या सहांपेक्षा आमचा बीर सिंग जास्त घातक वाटतो. नसलेला निवाडा समोरचा वकील दोन मिनिटांत पकडतो. खऱ्या नावाखालचा खोटा निकाल पूर्ण निवाडा वाचल्याशिवाय कळत नाही, आणि लेखी युक्तिवादाखाली सही माझी असते.

दुसरा फरक मला त्याच मोबाइलवर दिसला. कपाटाला तीन-चार शब्द पुरतात. चॅटबॉटला पोरानं अख्खी हकीकतच चिकटवली होती: पक्षकाराचं नाव, खातं नंबर, आणि 'सही माझीच आहे' हे त्यानं ऑफिसात दार लावून सांगितलेलं वाक्यसुद्धा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 132 प्रमाणे हे पक्षकाराच्या संमतीशिवाय बाहेर सांगायची मुभा मला नाही. या गोष्टीवर मी जास्त चिडलो. तारखांचा क्रम लावायला, इंग्रजी सुधारायला चॅटबॉट खुशाल वापरावा, पण नावं-नंबर काढून.

बीर सिंगचा निवाडा शेवटी फिर्यादी अडत्याच्या वकिलांनीच दाखल केला. तोवर ज्युनिअरने तो दोनदा वाचून पेन्सिलने परिच्छेद खुणावले होते. त्यामुळे आम्ही गृहीतकाशी भांडलोच नाही. हिशेबपट्टीवरची रक्कम आणि चेकवरची रक्कम जुळत नव्हती, ती शेजारी शेजारी ठेवली.