होलटाऊनच्या दगडावरचं साल चुकीचं आहे

बार्बाडोसच्या पश्चिम किनाऱ्यावर होलटाऊन गावात एक दगडी स्तंभ आहे. पर्यटक त्यावरचं '1605' वाचतात, फोटो काढतात आणि इंग्रज या बेटावर त्याच वर्षी उतरले, असं घरी येऊन सांगतात. कोरीव अक्षरांवर आपला विश्वास चटकन बसतो. 'काळ्या दगडावरची रेघ' आपण उगाच म्हणत नाही. पण ही रेघ तब्बल वीस वर्षांनी चुकली आहे.

कॅप्टन जॉन पॉवेल इथे उतरला तो 1625 मध्ये. त्यानेही वस्ती केली नाही. इंग्लंडच्या राजाच्या नावाने बेटावर हक्क सांगून तो परत गेला. वस्ती झाली 17 फेब्रुवारी 1627 रोजी. 'विल्यम अँड जॉन' जहाजातून त्याचा भाऊ हेन्री पॉवेल सुमारे 80 वसाहतकऱ्यांना घेऊन आला. सोबत दहाएक गुलामही होते, आणि वस्तीची गोष्ट सांगताना ही माणसं गाळणं मला सालाच्या चुकीपेक्षा मोठी चूक वाटते. पुढे ऊस आला आणि त्या दहांच्या मागून हजारो आफ्रिकी माणसं या बेटावर आणली गेली.

मग 1605 आलं कुठून? स्तंभ उभारला 1905 मध्ये, तेव्हा प्रचलित असलेल्या समजुतीनुसार तीनशे वर्षं पूर्ण झाली म्हणून. म्हणजे तो घटनेचा साक्षीदार नाही, तीन शतकांनंतरची आठवण आहे. तिथे गेलात तर 1627 च्या वस्तीच्या साडेतीनशेव्या वर्षी, 1977 मध्ये, बसवलेली पाटीही जरूर वाचा.