टॉवेलात गुंडाळून एक्सबॉक्स ३६० दुरुस्त होत नाही
ठाणे-नवी मुंबईत सेकंडहँड एक्सबॉक्स ३६० (मायक्रोसॉफ्टचं गेम खेळायचं मशीन) घेणाऱ्याला हा सल्ला आजही मिळतो: बिघाड झाला आणि पॉवर बटणाभोवती तीन लाल दिवे लागले की मशीन टॉवेलात गुंडाळून चालू ठेवा. कृपा करून असं करू नका. सतत तापून-थंडावून ग्राफिक्स चिपच्या आतले बारीक जोड तुटतात. उष्णतेने ते फुगून तात्पुरते टेकतात, म्हणून मशीन चार दिवस चालतं. तडा मात्र तसाच राहतो, वर आगीचा धोका.

आधी दिवे मोजा. चारही लाल म्हणजे एव्ही केबल (टीव्हीला जोडणारी) नीट बसलेली नाही. दोन म्हणजे मशीन जास्त तापलंय: पंखा, हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) साफ करा. तीन असतील तर सिंकचं बटण (कंट्रोलर जोडायचं) दाबून धरून इजेक्ट (डिस्क बाहेर काढायचं बटण) चारदा दाबा आणि दरवेळी किती दिवे लुकलुकतात तो आकडा लिहून कारागिराला दाखवा; इथे चारही लुकलुकले तर शून्य लिहा. दुसरं मशीन शोधत असाल तर २०१० चा स्लिम बघा, त्यात सीपीयू (मुख्य प्रोसेसर) आणि जीपीयू (ग्राफिक्सचा प्रोसेसर) एकाच चिपवर आहेत.