करवंद पिकलंय का, हे साठीनंतर बोटांना विचारा

मे लागला की ठाण्यात जांभळी नाक्यापासून स्टेशनपर्यंत पानांच्या द्रोणांतून ‘डोंगराची काळी मैना’ येऊन बसते. जवळच्याच सुपरमार्केटात १२५ ग्रॅमच्या प्लास्टिकच्या डबीत ब्लूबेरी असते. आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर न चुकता निरोप फिरतो, ‘रोज मूठभर ब्लूबेरी खा, नजर विशीतली होईल.’ दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश वैमानिक ब्लूबेरीच्या युरोपीय बहिणीचा, म्हणजे बिलबेरीचा जॅम खाऊन रात्री अचूक बॉम्ब टाकत, अशी पुरवणीही त्याला असते. अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी तरुणांना ३ आठवडे बिलबेरीचा अर्क देऊन रात्रीची नजर तपासली होती. २००० साली निष्कर्ष छापून आला: काहीही फरक नाही.

काळ्या-निळ्या फळांचा आणि उतारवयातल्या डोळ्यांचा संबंध आहे, पण उलट्या बाजूने. फळ खाऊन नजर सुधारत नाही, मात्र नजर बदलल्यामुळे फळ तोडताना फसगत होते.

डोळ्यातलं भिंग क्रिस्टॅलिन नावाच्या प्रथिनांनी भरलेलं असतं. त्वचेच्या पेशी झडतात, नव्या येतात. भिंगाला ती सोय नाही. कांद्यासारखे बाहेरून थर चढत जातात आणि गाभ्यातल्या पेशी आपण जन्मलो तेव्हाच्याच राहतात. प्रकाशाला अडथळा नको म्हणून या पेशींनी केंद्रक आणि मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) आधीच टाकून दिलेले असतात. त्यामुळे बिघडलेलं प्रथिन बदलून नवं बनवायला कोणी उरत नाही. भिंगात अतिनील किरण शोषणारे कायन्युरेनिन जातीचे रेणू असतात. डोळ्याच्या मागच्या पडद्याचं (रेटिनाचं) रक्षण हे त्यांचं काम. पण वर्षानुवर्षं त्यांचे तुकडे क्रिस्टॅलिनला चिकटत राहतात आणि भिंग आधी पिवळसर, मग मधाच्या रंगाचं होतं. पिवळी काच निळा-जांभळा प्रकाश अडवते, तांबडा जाऊ देते. त्यातच बाहुलीही वयाबरोबर पूर्वीइतकी उघडत नाही. ढोबळमानाने, विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जितका प्रकाश पोहोचतो, त्याचा एक तृतीयांशच साठीत पोहोचतो.

हे लक्षात का येत नाही? कारण मेंदू पांढऱ्याला पांढरंच ठरवून बाकीचे रंग जुळवून घेतो. कपाटातली नेव्ही ब्लू पँट काळी समजून घातली जाते, तेव्हा कुठे शंका येते. चित्रकार क्लॉद मोने यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू, म्हणजे गढूळलेलं भिंग, १९२३ साली काढला, त्यानंतर जगाचा निळेपणा त्यांना खुपू लागला होता. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या कोणालाही विचारा, पट्टी काढल्यावर आधी निळ्याचंच कौतुक ऐकायला मिळेल.

आता करवंदाच्या जाळीत या. हिरवं आणि लाल फळ कोणालाही कळतं. घोटाळा शेवटच्या पायरीवर होतो, गडद जांभळ्याचं काळं होताना. जांभळं अजून आंबट असतं, चिकानं भरलेलं असतं. जाळीच्या सावलीत पिवळ्या भिंगाने निळा प्रकाश अडवला की दोन्ही सारखीच काळी दिसतात. अमेरिकेतल्या मेन राज्यात रानटी ब्लूबेरी वेचणाऱ्या आजोबांची अडचण तर याहून मोठी. त्या फळाच्या सालीतलं रंगद्रव्य मुळात गडद लालसर असतं. निळाई येते सालीवरच्या मेणाच्या थरातून, ज्याची जाडी मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाइतकी असते. हे मेण निळा आणि अतिनील प्रकाश विखुरतं (२०२४ मध्ये हे सविस्तर दाखवलं गेलं). बोटाने पुसलं की फळ काळं. म्हणजे ओळखीची खूण नेमकी त्याच रंगात आहे, जो पिवळं भिंग आधी अडवतं.

म्हणून साठीनंतर डोळ्यावर विसंबू नका. फळ चिमटीत धरा आणि ओढू नका, अर्धा वळसा द्या. पिकलेलं असेल तर देठ जागेवर ठेवून हातात येतं आणि किंचित दबतं. कच्चं असेल तर अडून बसतं, देठासकट तुटतं आणि पांढरा थेंब येतो. हा चिक पाण्याने जात नाही, तेलाने जातो. तोडायला लागण्याआधीच बोटांना खोबरेल चोळून घ्यावं. सकाळी ८ ते १०, तिरक्या उन्हात तोडावं, गॉगल काढून.

नवख्याने रंगावरून झुडूप ओळखू नये. घाणेरीचे काळे घोस त्याच बांधावर असतात, आणि पिवळी कण्हेर करवंदाच्याच कुळातली, तिलाही चिक, पण ती विषारी. करवंदाची पानं समोरासमोर, जाड, चकचकीत. काटे जोडीने आणि ताठ. या सगळ्या खुणा जुळल्याशिवाय तोंडात टाकू नये. ठाण्याजवळचं येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे तोडायला कायद्याने बंदी आहे. मुरबाड-शहापूरकडे कोणाची मालकीची जमीन असेल तर विचारून जावं.

जाळीत हात घालण्याआधी काठीने आपटावं, फुरशाला ती सावली आवडते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर काट्याचा ओरखडाही बराच वेळ वाहतो, पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट हवा. वाकून एकदम उठू नये, रक्तदाबाच्या गोळ्यांवर असणाऱ्यांना चक्कर येऊ शकते. आणि उतरताना दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा नको. त्याचा खालचा भाग हातातल्या पुस्तकासाठी असतो, त्यातून पायाखालचा दगड धूसर दिसतो. लांबचा साधा चष्मा खिशात ठेवावा.

घरी आल्यावर पिवळ्या बल्बखाली निवडायला बसू नये, त्या उजेडात निळा मुळातच कमी असतो. खिडकीशी पांढरं फडकं पसरावं. शंका आली तर एक फळ कापून पाहावं. लहानपणी खेळायचो तेच, आत लाल तर कोंबडा, पांढरं तर कोंबडी. कोंबडे खायला घ्यावेत. कोंबड्या तासभर मिठाच्या पाण्यात ठेवून चिक काढावा आणि लोणच्याला लावाव्यात.