सांधा बदलल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून

गुडघा किंवा खुबा बदलायचं ऑपरेशन झालं की पायातल्या खोल शिरेत, बहुतेक वेळा पोटरीत, रक्ताची गुठळी धरू शकते, डॉक्टर लोक याला डीव्हीटी म्हणतात. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं, म्हणून हे प्रकरण हलक्यात घ्यायचं नाही. रक्त साचणं, शिरेला इजा आणि रक्ताची गोठायची ओढ वाढणं ही तीन कारणं विर्शो या जर्मन डॉक्टरच्या नावाने ओळखतात आणि या ऑपरेशनमध्ये तिन्ही एकदम जुळून येतात. पूर्वी काहीच औषध न देता तपासलं तेव्हा ४० ते ६० टक्के पेशंटच्या पायात गुठळ्या सापडायच्या, त्यातल्या बहुतेकांना काही त्रास जाणवत नसे.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे हालचाल. जमलं तर त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात, आणि पलंगावर असताना पावलं वरखाली करत राहायचं, पोटरी आवळली की रक्त वर ढकललं जातं. काही ठिकाणी पायाला हवेचे पंपही लावतात.

रक्त गोठू न देणाऱ्या औषधांत एनॉक्सापॅरिनचं पोटावर घ्यायचं इंजेक्शन (साधारणपणे रोज ४० मिलिग्रॅम, टोचल्यावर जागा चोळायची नाही), रिव्हारोक्साबान किंवा अपिक्साबानच्या गोळ्या, नाहीतर अ‍ॅस्पिरिन. अ‍ॅस्पिरिन स्वस्त आहे आणि बरेच सर्जन देतात, पण २०२२ साली आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या क्रिस्टल अभ्यासात ९० दिवसांत त्रास देणाऱ्या गुठळ्या अ‍ॅस्पिरिनवर ३.४५ टक्के आणि एनॉक्सापॅरिनवर १.८२ टक्के निघाल्या, फरक मुख्यतः गुडघ्याखालच्या गुठळ्यांचा होता. दुसरीकडे रक्तस्रावाची भीती असतेच, किडनी कमजोर असेल तर डोस बदलावा लागतो, त्यामुळे सरसकट एकच औषध सगळ्यांना चालत नाही.

खरी गफलत घरी आल्यावर होते. टाके सुकले, चालता येतं, मग गोळ्या कशाला असं म्हणून लोक मधेच बंद करतात, पण धोका डिस्चार्जनंतरही बरेच आठवडे राहतो. रिव्हारोक्साबानचा कोर्स गुडघ्यासाठी साधारण २ आणि खुब्यासाठी ५ आठवडे असतो, तो डॉक्टरांना न विचारता तोडू नये. आणि आपल्याकडे पाय सुजला की तेल लावून चोळून द्यायची सवय आहे, ती इथे अजिबात नको. थोडी सूज असतेच, पण ती अचानक वाढली, पोटरी गरम लागली, दुखायला लागली तर आधी डॉपलर (पायाच्या शिरांची सोनोग्राफी) करून घ्यायचा, आणि दम लागला, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं तर थेट इमर्जन्सीत न्यायचं, सकाळची वाट बघायची नाही.