रिट्राय टॉपिक आणि डेड लेटर टॉपिक: काफ्कात फसलेला मेसेज कुठे टाकायचा

काफ्का ही प्रोग्रामांमध्ये मेसेज पोहोचवणारी प्रणाली; तिच्यात मेसेज टॉपिक नावाच्या रांगांत साठतात आणि ते वाचणारा प्रोग्राम म्हणजे कन्झ्युमर. काफ्काच्या कन्झ्युमरमध्ये बऱ्याचदा चुका पकडणारा एकच कॅच ब्लॉक असतो. काहीही फसलं की मेसेज तिथून एकाच टॉपिकात ढकलला जातो. त्या टॉपिकाचं नाव कधी रिट्राय असतं, कधी डीएलटी, म्हणजे डेड लेटर टॉपिक. बाहेरून दोन्ही सारखीच, मुख्य रांगेतून बाजूला काढलेल्या मेसेजांची जागा. पण रिट्राय टॉपिकातला मेसेज वेळ जाण्याची वाट पाहत असतो आणि डेड लेटर टॉपिकातला माणसाची.

पेमेंट सेवेकडून टाइमआउट आला, एचटीटीपी ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) मिळाला, डेटाबेसात डेडलॉक झाला (दोन व्यवहार एकमेकांसाठी अडकले), तर थोड्या वेळाने तोच मेसेज बिनबोभाट पार पडतो. तो रिट्रायला द्या. रकमेच्या जागी अक्षरं आली, आवश्यक फील्डच नाही, जेसन (मेसेजचा मजकूर ज्या साच्यात येतो तो) अर्धवट तुटलंय, तर शंभरदा वाचूनही निकाल तोच. तो एकही पुनर्प्रयत्न न करता थेट डेड लेटरमध्ये जायला हवा.

मुळात बाजूला काढायचं कशाला? टॉपिकाचा एकेक भाग म्हणजे पार्टिशन आणि त्यातला मेसेजचा अनुक्रमांक म्हणजे ऑफसेट. नेहमीच्या कन्झ्युमर ग्रुपमध्ये (पार्टिशनं वाटून घेणाऱ्या कन्झ्युमरांच्या गटात) काफ्का प्रत्येक पार्टिशनसाठी एकच कमिट केलेला, म्हणजे 'इथवर झालं' अशी नोंद केलेला, ऑफसेट ठेवतो. पार्टिशन ३ वर ४२१७ फसला आणि तुम्ही तिथेच लूपमध्ये अडून राहिलात, तर ४२१८ पासूनचे सगळे खोळंबतात. तीस-तीस सेकंद थांबून दहा प्रयत्न केले की पाच मिनिटं झाली, आणि मॅक्स.पोल.इंटरव्हल.एमएस (दोन पोलमधलं, म्हणजे मेसेज मागण्यामधलं, कमाल अंतर) मुळात ३,००,००० मिलिसेकंद म्हणजे नेमकी पाच मिनिटंच असते. ती ओलांडली की कन्झ्युमर ग्रुपबाहेर पडतो, रीबॅलन्स (पार्टिशनांची फेरवाटणी) होतो, पार्टिशन दुसऱ्याकडे जातं आणि तोही ४२१७ वरच अडकतो.

डेटाबेसच पूर्ण बंद असेल तर मात्र दोन्ही टॉपिकं चुकीची. प्रत्येक मेसेज फसणार, म्हणजे सगळी रहदारी रिट्रायमध्ये ओतली जाणार आणि क्रमही जाणार. अशा वेळी पार्टिशन पॉज करा, पोल चालू ठेवा आणि डेटाबेस आला की रिझ्यूम करा.

रिट्राय टॉपिकात सगळ्यात जास्त चुका होतात त्या उशिराच्या हिशेबात. काफ्काला 'हा मेसेज दहा मिनिटांनी दे' असं सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक उशिरासाठी वेगळं टॉपिक करतात: एक मिनिट, दहा मिनिटं, एक तास. एकाच टॉपिकात सगळे उशीर मिसळले तर तासभर थांबणाऱ्याच्या मागे मिनिटभराचा मेसेज तुंबतो. कन्झ्युमर मेसेजचा टाइमस्टॅम्प पाहतो आणि वेळ झाली नसेल तर पार्टिशन पॉज करून पोल करत राहतो. इथे थ्रेड स्लीप लावला (कोडच तेवढा वेळ झोपवला) तर दहा मिनिटांच्या टॉपिकावर पुन्हा तीच पाच मिनिटांची मर्यादा आडवी येते.

रिट्रायची खरी किंमत क्रमात मोजावी लागते. 'ऑर्डर तयार' रिट्रायला गेला, तेवढ्यात मुख्य टॉपिकातून 'ऑर्डर रद्द' येऊन लागू झाला आणि दहा मिनिटांनी 'तयार' परत आला, तर रद्द ऑर्डर जिवंत होते. मेसेजमध्ये आवृत्ती क्रमांक ठेवा आणि जुनी आवृत्ती आली तर सोडून द्या. ते जमत नसेल तर त्या टॉपिकाला रिट्राय टॉपिक लावूच नये.

डेड लेटरमध्ये मूळ बाइट जसेच्या तसे लिहा. जो मेसेज वाचताच आला नाही तो पुन्हा ॲव्हरोत (मेसेजच्या ठरलेल्या साच्यात) बांधायला गेलात तर तिथेही अपवादच (एक्सेप्शन) येईल. हेडरमध्ये मूळ टॉपिक, पार्टिशन, ऑफसेट, अपवादाचा मजकूर आणि प्रयत्नांची संख्या हवी. ब्रोकरची (मेसेज साठवणाऱ्या काफ्का सर्व्हरची) साठवण मुळात १६८ तास, म्हणजे सात दिवस. आठवडाभराच्या सुट्टीनंतर कोणी पाहायला गेलं तर मेसेज पुसलेले असतील, म्हणून इथे महिनाभर तरी ठेवा. रिट्रायवर लॅग (न वाचलेल्या मेसेजांची थकबाकी) वाढला की अलर्ट पुरतो. डेड लेटरवर एक मेसेज आला तरी अलर्ट हवा.

दोन्हीकडे लिहिताना क्रम पाळा: आधी मेसेज पाठवा, ब्रोकरची पोच येऊ द्या, मगच मूळ ऑफसेट कमिट करा. उलट केलंत आणि मध्येच प्रोसेस मेली, तर मेसेज तुमच्यापुरता कायमचा गेला. या क्रमात कधी तोच मेसेज दोनदा येईल, त्यामुळे प्रक्रिया दोनदा झाली तरी निकाल एकच राहील असा कोड लागतो.

चूक दुरुस्त झाली की डेड लेटरमधले मेसेज परत मुख्य टॉपिकात टाकायचा मोह होतो. तसं करू नका. त्या टॉपिकावर बिलिंग, गोदाम, ईमेल असे इतर ग्रुपही वाचत असतात. त्यांचं काम पहिल्यांदाच नीट झालेलं असतं आणि ग्राहकाला दुसरा ईमेल जातो. रिट्राय टॉपिक प्रत्येक कन्झ्युमर ग्रुपचं स्वतंत्र ठेवा आणि दुरुस्त मेसेज फसलेल्या ग्रुपच्याच रिट्राय टॉपिकात सोडा.