वेव्ह वेगळं, रिलीज वेगळं: ५३ चा अंदाज फसतो तो इथेच

ऑगस्ट संपत आला की एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) टीमच्या फायनल रोस्टरचे, म्हणजे खेळाडूंच्या अंतिम यादीचे, अंदाज सुरू होतात आणि दरवर्षी तोच घोळ. सीझनआधीच्या सराव कॅम्पला ९० जण, त्यातले ५३ ठेवायचे, बाकीचे कट. पण कट झालेल्या सगळ्यांचं पुढे एकच होतं असं धरून लोक याद्या करतात, आणि मग अनुभवी माणूस गेला, नवखं पोरगं राहिलं की कोचच्या नावाने बोंब.

रिलीज सोपं आहे. ज्याचे चार किंवा जास्त सीझन भरलेत तो काढल्याक्षणी मोकळा, कुणाकडेही जाऊ शकतो, जुन्या टीमकडे परत सुद्धा.

चारपेक्षा कमी सीझनवाला मात्र वेव्ह होतो आणि खरी गंमत इथे आहे. त्याचं नाव बाकी ३१ टीमसमोर जातं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणीही क्लेम टाकावा, म्हणजे त्याला मागून घ्यावं, दोघातिघांनी टाकला तर मागच्या सीझनला जी टीम जास्त खराब खेळली तिला तो मिळतो. पोराला विचारत कुणी नाही, आहे त्या करारासकट तो गेला. कुणीच नाही उचलला तरच तो मोकळा होतो आणि मग जुनी टीम त्याला १६ जणांच्या प्रॅक्टिस स्क्वाडवर (५३ बाहेरची सराव करणारी तुकडी) बोलवू शकते. म्हणजे ५३ ठरवताना "दोघांत चांगला कोण" एवढंच बघून भागत नाही, "काढला तर परत मिळेल का" हेही बघावं लागतं, आणि शेवटच्या पाच-सहा जागांवर तर बऱ्याचदा हाच प्रश्न निकाल लावतो.

२०२२ ची सॅन फ्रान्सिस्कोची टीम फोर्टीनायनर्स बघा. क्वार्टरबॅकच्या (बॉल फेकून खेळ चालवणाऱ्याच्या) जागेसाठी ट्रे लान्स होता, जिमी गारोपोलो पगार कमी करून थांबला, तरी ब्रॉक पर्डीला तिसरा क्वार्टरबॅक म्हणून ५३ मध्ये ठेवलं आणि अनुभवी नेट सडफेल्डला सोडलं. पर्डी ड्राफ्टमधला (टीम नव्या खेळाडूंची आळीपाळीने निवड करतात तो) अगदी शेवटचा, २६२ वा पिक. त्याला वेव्ह केलं असतं तर कुणीही फुकटात नेला असता. डिसेंबरपर्यंत लान्स आणि गारोपोलो दोघंही जखमी झाले आणि तोच पर्डी स्टार्टर, म्हणजे पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक, झाला.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. कटच्या आधी इंज्युअर्ड रिझर्व्हवर (जखमींची वेगळी यादी, ५३ मध्ये धरत नाहीत) टाकलेला खेळाडू आख्ख्या सीझनला बाद (२०२४ पासून दोघांपुरती सूट आहे), म्हणून जो काही आठवड्यांनी परत हवाय त्याला आधी ५३ मध्ये धरतात, दुसऱ्या दिवशी रिझर्व्हवर टाकतात आणि रिकाम्या जागी काल रिलीज केलेला अनुभवी माणूस परत आणतात. तो थांबेल याची लेखी हमी नसते, दुसरीकडून चांगली ऑफर आली तर जाईलही, पण वेव्हरची भानगड तरी नाही.

पीयूपी लिस्टवरचे (दुखापतीमुळे खेळायला अजून तयार नसलेले) ५३ मध्ये मोजत नाहीत, बास. ट्रेड डेडलाइननंतर (सीझनमध्ये टीमना आपसात खेळाडूंची अदलाबदल करायची शेवटची तारीख) अनुभवी लोकांनाही वेव्हरमधून जावं लागतं, पण ऑगस्टच्या अंदाजाशी त्याचा संबंध नाही.

प्रीसीझनच्या (सीझनआधीच्या सराव सामन्यांच्या) चौथ्या क्वार्टरमधले यार्ड, म्हणजे बॉल किती पुढे नेला ते, मोजून केलेल्या याद्या मी वाचतच नाही. अंदाज करायचाच तर दोन याद्या करा, एक कटच्या संध्याकाळची आणि एक पहिल्या मॅचची, आणि पहिल्या यादीतून वगळलेल्या प्रत्येक नावापुढे वेव्ह की रिलीज ते लिहा.